दोन चिपड्या की दहा

माणूस किती प्यायला आहे हे रायमती त्याच्या पायांवरून ओळखायची. तोंडाकडे ती बघतच नसे. "तोंड खोटं बोलतं, बाई. पाय बिचारे साधे असतात," असं म्हणायची. बस्तरातल्या बेलगुड्याच्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून मी सव्वीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक तिच्या शेजारात गेली. माणसं ओळखायची तिची ही रीत मी रोज बघत होते, पण एक दिवस तिच्यावर सेशन कोर्टात बोलायची वेळ येईल असं तिला वाटलं नव्हतं आणि मलाही.

रायमती नेताम म्हणजे काळीसावळी, ठेंगणी, गुडघ्याच्या जरा खाली लुगडं, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. नवरा लवकर गेला. एक मुलगी होती, तिचं लग्न नारायणपूरकडे झालेलं. रायमतीकडे शेत असं नव्हतंच. होतं ते एक सल्फीचं झाड. आपल्याकडे कोकणात भेरली माड असतो ना, त्याच जातीचं, उंच, पानं माशाच्या शेपटीसारखी. तिच्या बापाने तिला लग्नात दिलेलं. बस्तरात मुलीला सल्फीचं झाड देतात, जसं आपल्याकडे पाटल्या देतात. फरक एवढाच की पाटल्या मोडता येतात.

त्या झाडाच्या रसावर ती जगायची. झाडाखाली चटई, तीन दगडांवर वाटाणे नाहीतर चणे भाजायचं मडकं, आणि भोपळ्याचा तुंबा. पानाच्या द्रोणाला तिकडे चिपडी म्हणतात. चिपडीतूनच प्यायचं. सकाळी सूर्य वर यायच्या आत उतरवलेली सल्फी गोड असते, शहाळ्याच्या पाण्याला किंचित आंबूस वास यावा तशी. तान्ह्या लेकराच्या आयासुद्धा ती पितात. तीच दुपारी चढते, आणि संध्याकाळी तर चांगल्या बाप्याला आडवं करते. मी माळकरी घरातली. पण सकाळची दोन घोट मीही घेतलेली आहे, देवाला सांगून घेतलेली आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

तिच्या चटईला नियम होते. ते तिचे एकटीचे नव्हते, सगळ्या त्या मुलखाचे होते. तुंब्यातले पहिले चार थेंब मातीला, म्हणजे घरच्या मेलेल्यांना. मग पाजणारीने स्वतः एक चिपडी प्यायची, सगळ्यांसमोर, म्हणजे आत काही नाही हे दिसतं. आणि दिवसाचा पहिला पाहुणा बसला की त्याच्याबरोबर चिपडीला चिपडी घ्यायची. त्याने एक तर तिने एक. त्याला एकट्याला पाजलं तर तो अपमान. पुढच्यांनी आपापसात ओतून घ्यावं. आणि शेवटचा नियम, जो मला फार दिवस कळलाच नव्हता: कुणी पिऊन गोंधळ घातला तर गावाच्या बैठकीत आधी उभं करतात ते पाजणाऱ्याला. "तुला पाय दिसत नव्हते का?" असं विचारतात. म्हणून रायमती पाय बघायची. एकदा फॉरेस्टचा गार्ड सायकल धरून उभा होता, म्हणाला, "अजून एक दे, मला काही झालेलं नाही." रायमती म्हणाली, "तुला नाही झालं रे, पण सायकल सोड बघू एकदा." त्याने सोडली आणि सायकलीच्या आधी तोच खाली गेला.

तिचा धाकटा भाऊ सामदू त्याच गावात, नाल्याच्या पलीकडे राहायचा. त्याचंही सल्फीचं एक झाड होतं. दोन्ही झाडांवर चढायचा तो झितरू. सल्फीवर कुणीही चढत नाही. झाड एकाच हाताला ओळखतं, दुसऱ्या हाताने कापलं की सुकतं, अशी तिथली पक्की समजूत. झितरू चांगला माणूस होता, पण जिभेला हाड नव्हतं. त्या वर्षी पौषात तो जत्रेला गेला, आठ दिवस आलाच नाही, आणि त्या आठ दिवसांत सामदूच्या झाडावर त्याने भाच्याला चढवलं. महिन्याभरात सामदूचं झाड शेंड्यापासून वाळत आलं. त्या सुमाराला आजूबाजूच्या गावातलीही पाच-सहा झाडं वाळली होती, काही रोग असावा. पण ज्याचं झाड जातं त्याला रोग दिसत नाही, माणूस दिसतो.

माघातली सकाळ होती. झितरू रायमतीच्या झाडावरून तुंबा घेऊन उतरला, तेवढ्यात सामदू आला आणि चटईवर बसला. खांद्यावर टंगिया, म्हणजे कुऱ्हाड. ती तिकडे प्रत्येकाच्याच खांद्यावर असते, आपल्याकडे शर्टाच्या खिशाला पेन असतं तशी. अर्ध्या तासात झितरू त्या चटईवर मरून पडला होता. डोक्यात टंगियाचा एक घाव.

सामदू पळाला नाही. तिकडे पळत नाहीत. तो प्रेताशेजारी बसून राहिला. रायमती कोतवालाच्या घरी गेली, दोन कोस चालत. कोतवालाला घेऊन तशीच ठाण्यावर गेली आणि ठाण्यातल्या मुन्शीला म्हणाली, "माझ्या भावाने झितरूला मारलं. माझ्या चटईवर. एक घाव." मुन्शीने तेवढंच लिहिलं. सामदूलाही विचारलं, तो म्हणाला, "मी मारलं." संध्याकाळी त्याला तपासणीसाठी आमच्याकडे आणला. डॉक्टरांनी तपासलं, मी रजिस्टरमध्ये लिहिलं. त्याच्या डाव्या हाताला मनगटाच्या वर चिरलेलं होतं, मी पट्टी केली. "कशाने रे?" विचारलं तर म्हणाला, "झाडावर." मला काय ठाऊक! मी "झाडावर चढताना" असंच लिहिलं.

चौदा महिन्यांनी जगदलपूरला खटला उभा राहिला. छत्तीसगड अजून वेगळं व्हायचं होतं तेव्हा. मला रजिस्टर घेऊन बोलावलं होतं, त्यामुळे रायमती आणि मी एकाच बसने गेलो. सामदूची बायको फूलो पण होती, कडेवर वर्षाचं मूल. सामदूला वकील सरकारने दिलेला, पाठक नावाचे. माणूस वाईट नव्हता. कोर्टाच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली त्यांनी आम्हाला बसवलं आणि आधी रायमतीला विचारलं, "त्या दिवशी त्या रसात कुणी काही मिसळलं होतं का? धोतरा वगैरे?"

"माझ्या तुंब्यात?" रायमती म्हणाली. "वकीलबाबू, तुमच्या चहात तुमची बायको काय मिसळते, असं मी विचारलं का तुम्हाला?"

पाठक हसले. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, हिला समजावा. नशेची दोन कलमं आहेत. एक असं, की माणसाला न कळता कुणी पाजलं, नाहीतर जबरदस्तीने पाजलं, आणि त्याला आपण काय करतोय हेच कळेनासं झालं, तर गुन्हाच नाही. सरळ घरी. ते आपल्याला मिळत नाही, ही म्हणते मिसळलं नव्हतं. दुसरं कलम, स्वतः होऊन प्यायला त्याचं. तिथे कायदा म्हणतो, तुला सगळं कळत होतं असंच आम्ही धरणार. पण जीवच घ्यायचा इरादा होता का, हे मात्र नशा किती होती त्यावरून बघता येतं. पार गेलेला असेल तर इरादा कसला? इरादा गेला की खून जातो, सदोष मनुष्यवध राहतो. जन्मठेपेच्या जागी पाच-सहा वर्षं."

मला मोठं नवल वाटलं. मी म्हटलं, "म्हणजे जितका जास्त प्यायला तितकी शिक्षा कमी?"

"तसं नाही हो," पाठक म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "बरं, तसंच म्हणा."

रायमतीने विचार केला. "आमच्यात उलटं आहे. जास्त प्यायला तर दोघांना दंड. त्याला आणि पाजणाऱ्याला."

"तुमच्यातलं तुमच्यात. इथे जजसाहेबांसमोर तू सांगायचंस किती प्यायला ते. तू एकटीच होतीस तिथे. किती चिपड्या?"

"दोन."

"दोन?"

"दोन. सकाळ होती. मुलंही पितात ती."

पाठकांनी टोपी काढून डोकं पुसलं. "हे बघ, मी तुला खोटं बोल म्हणत नाही. मी वकील आहे, मला ते म्हणता येत नाही. मी एवढंच म्हणतो, नीट आठव. चौदा महिने झाले. माणूस विसरतो. दहा असतील, नाही?"

ते आत गेले. फूलोने कापडात बांधून आणलेला मडियाच्या, म्हणजे नाचणीच्या, पेजेचा तुंबा काढला, पण कुणी प्यायलं नाही. फूलो म्हणाली, "दीदी, दोन आणि दहात आठच चिपड्यांचा फरक. आठ चिपड्यांसाठी हा जन्मभर आत?"

"आठ चिपड्या नाहीत गं त्या," रायमती म्हणाली. "दहा म्हटलं की उद्या बैठक मला उभं करेल. भाऊ होता म्हणून पाजत सुटली, पाय बघितले नाहीत, माणूस मेला. माझ्या चटईवर कुणी बसेल का मग?"

"नाही बसणार. चटई जाईल. पण तुझा भाऊ येईल."

फूलोचं मूल रायमतीच्या लुगड्याचा पदर ओढत होतं. मग ती मला म्हणाली, "बाई, तुमचा देव खोट्याला काय करतो?" माझा भाऊ त्या जागी असता तर मी काय केलं असतं, हे मला अजून माहीत नाही. मी म्हटलं, "देव बघतो, रायमती. करतो काय ते मला कधी कळलं नाही." ती उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "दहा सांगते."

कोर्टात मागच्या बाकावर झितरूचा थोरला भाऊ सोनाधर बसला होता. धिप्पाड, केस मागे बांधलेले, हात मांडीवर ठेवून एकटक समोर बघत. रायमतीने त्याच्याकडे बघितलं नाही. शिपायाने शपथ घ्यायला सांगितलं तेव्हा तिने खाली फरशी बघितली. "इथे माती नाही का, साहेब?"

"माती कशाला?"

"मातीची शपथ घेतात आमच्यात."

"बोल गं लवकर, ईश्वर को साक्षी मानकर," शिपाई म्हणाला. ती बोलली. माझ्या मनात आलं, हिच्या लेखी ही शपथ झालीच नाही. आणि खरं सांगते, मला त्या क्षणी बरंच वाटलं.

सरकारी वकील होते देहारीसाहेब. हलबा समाजातले, कांकेरकडचे, काळा कोट घातलेले, पण रायमतीशी हलबी बोलीतच बोलायचे. त्यांनी घाव, टंगिया, कोतवाल, सगळं तिच्याकडून शांतपणे काढून घेतलं. मग पाठक उठले.

"सामदू किती चिपड्या प्यायला होता?"

"दहा."

"उभं राहता येत होतं?"

"नाही."

"बोलणं कळत होतं?"

"काय बोलत होता त्यालाच माहीत."

पिंजऱ्यात सामदू खाली बघत होता. पाठक बसले. चेहऱ्यावर समाधान होतं. देहारीसाहेब पुन्हा उठले, कोर्टाची परवानगी घेतली आणि अगदी गप्पा मारल्यासारखं विचारलं, "दीदी, त्या दिवशी पहिला पाहुणा कोण?"

"सामदू."

"तू त्याच्याबरोबर घेतलीस ना?"

आता मला समजलं काय चाललंय ते. रायमतीलाही समजलं. जजसाहेब दूर रीवाकडचे, त्यांना काही कळेना. ते पेन हातात धरून बघत होते.

"घेतली की नाही?" देहारीसाहेबांनी पुन्हा विचारलं. "का भावाला एकट्याला पाजलंस?"

"एकट्याला कसं पाजेन?" ती पटकन बोलून गेली. "मी काय विष घालत होते?"

"म्हणजे तुझ्या पण दहा."

तिचा हात कठड्याकडे गेला.

"दहा चिपड्यांनी सामदूला उभं राहता येत नव्हतं. तुझ्या दहा झाल्या. मग दोन कोस चालत कोतवालाकडे कोण गेलं? ठाण्यावर जाऊन सरळ, नीट, एक घाव म्हणून कुणी सांगितलं? मुन्शीने लिहिलंय, साक्षीदार शुद्धीत, चाल व्यवस्थित. दीदी, मी पण सल्फी पितो. सकाळची दहा प्यायलं तर लघवी लागते, बस."

मागे कुणीतरी हसलं. साहेबांनी मान वर केली तसं ते थांबलं. रायमतीने दोन्ही हातांनी कठडा धरला होता. मी एवढंच बघत होते की आता ही कुठे जाईल. प्यायले नाही म्हणावं तर पाजणारीचा धर्म मोडला. प्यायले आणि चढली म्हणावं तर ठाण्यावर सांगितलेलं सगळं खोटं. आणि प्यायले पण चढली नाही म्हणावं, तर सामदूला तरी कुठून चढली?

"दोनच," ती म्हणाली. "त्याच्या दोन, माझ्या दोन. नशा नव्हती, साहेब. मघाशी खोटं बोलले."

पाठकांनी कागद मिटले. फूलो बाहेर दारात उभी होती, तिने मूल छातीशी धरलं आणि भिंतीकडे तोंड केलं. साहेब म्हणाले, "खोटी साक्ष दिली म्हणून मी तुला आत घालू शकतो, ठाऊक आहे?"

"घाला. पण आधी दोनच लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं. हे मला त्यांचं फार आवडलं. त्यांच्या जागी दुसरा असता तर म्हणाला असता, जा. हे म्हणाले, "मला एक समजत नाही. नशेत नव्हता, आधी काही ठरवून आला असं तूही म्हणत नाहीस. मग त्याने मारलं का?"

"ते कुणी विचारलंच नाही," रायमती म्हणाली. "सगळे चिपड्या मोजत होते."

"मी विचारतोय."

ती मागे वळली आणि पहिल्यांदाच सोनाधरकडे बघितलं. भर कोर्टात, मोठ्याने विचारलं, "सोनाधर, दगड बसवलास का रे?"

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

देहारीसाहेब उभे राहिले. "हुजूर, यांच्यात मेलेल्याच्या नावाने दगड उभा करतात. दोन-दोन वर्षंही लागतात, बोकड-तांदूळ जमवावं लागतं. दगड बसेपर्यंत मेलेल्याचा दोष कुणी तोंडातून काढत नाही. काढला तर त्याचा जीव घर शोधत फिरतो म्हणतात." मग जरा अडखळून म्हणाले, "हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं."

सगळे सोनाधरकडे बघत होते. त्याला कळत होतं काय विचारलं जातंय. नाही म्हणाला असता तर रायमती गप्प राहिली असती, मला त्यात तिळमात्र शंका नाही. सामदू जन्मभर आत गेला असता आणि झितरूचं नाव स्वच्छ राहिलं असतं. तो बाकावरून उठून उभा राहिला. मग म्हणाला, "फागुनात बसवला."

"मग सांगते," रायमती म्हणाली.

तिने सांगितलं. सामदूने विचारलं होतं, माझ्या झाडाला दुसऱ्याचा हात का लावलास. झितरू हसला. म्हणाला, झाड काय बायको आहे, दुसऱ्याचा हात लागला म्हणून सुकायला? आणि बायकोचंच म्हणशील तर, असं म्हणून फूलोबद्दल काहीतरी बोलला. ते रायमतीने कोर्टात सांगितलं, मी इथे लिहीत नाही. सामदूने हातातली चिपडी त्याच्या तोंडावर फेकली. झितरूने कमरेची कोयती काढली, झाड कापायची, आणि चालवली. सामदूने हात आडवा घातला. दुसऱ्यांदा कोयती वर गेली तेव्हा टंगिया आली. एकच घाव. मग सामदू खाली बसला आणि झितरूचं डोकं मांडीवर घ्यायला लागला.

"हे पोलिसांना का नाही सांगितलंस?" साहेबांनी विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाले, "दगड."

त्यांनी पंचनामा मागवला, स्वतः पानं उलटली. त्यात होतं, एक कोयती, लाकडी मूठ, मयताच्या उजव्या हाताजवळ. झाडावर चढणाऱ्याजवळ कोयती असायचीच, म्हणून कुणाला तिचं काही वाटलं नव्हतं. मग आरोग्य केंद्राचं रजिस्टर मागितलं. मी उभी राहिले. माझ्या अक्षरातलं पान त्यांनी मोठ्याने वाचलं: श्वासाला दारूचा वास नाही, डाव्या हातावर तीन इंच चीर, ताजी. पुढे, झाडावर चढताना.

"हे झाडाचं कुणी सांगितलं?"

"त्यानेच, साहेब."

साहेब सामदूकडे वळले. "का सांगितलंस असं?"

सामदू म्हणाला, "दगड बसला नव्हता."

मी खाली बसले. एका ओळीने नशा गेली होती आणि त्याच ओळीने झितरूची कोयती पुढे आली होती. आणि ती ओळ मी रोजच्यासारखी, ताप-खोकला लिहावा तशी लिहिलेली होती.

महिन्याने निकाल लागला. नशेचा बचाव साहेबांनी नाकारला. अचानक झालेलं भांडण, दोघांच्या हातात हत्यार, एकच घाव, म्हणून खून नाही, सदोष मनुष्यवध. दहा वर्षं. पाठक मला म्हणाले, "माझी पाच-सहा वर्षं होती, ती घालवून हिने दहा मिळवली." मग म्हणाले, "पण देहारीने ते विचारल्यावर माझी पाच कुठली उरली म्हणा." रायमतीवर खोट्या साक्षीचं काही झालं नाही. साहेबांनी नुसतं लिहिलं की साक्षीदाराने आपली चूक स्वतः दुरुस्त केली.

फूलो तिच्याशी दीड वर्ष बोलली नाही. नाल्यावर पाणी भरताना दोघी समोरासमोर आल्या तर फूलो घागर तशीच ठेवून निघून जायची. रायमती ती घागर भरून तिच्या अंगणात ठेवून यायची. फूलो ते पाणी गुरांना घालायची.

जेलमध्ये भेटायला मी एकदा रायमतीबरोबर गेले होते. सामदू सडपातळ झाला होता, सुतारकाम शिकत होता. बराच वेळ झाडांचं, पोराचं बोलणं झालं. मग तो म्हणाला, "वकील मला म्हणाला होता, तू म्हण मला काही आठवत नाही. सगळं आठवत असताना असं कसं म्हणायचं, दीदी? तू दहा म्हणालीस तेव्हा मला वाटलं, आता मला पण म्हणावं लागणार."

"म्हणाला असतास?"

"म्हणालो असतो," सामदू म्हणाला. "तू म्हणालीस म्हणून."

परत येताना बसमध्ये रायमती कोंडागावच्या अलीकडे एकदम म्हणाली, "बाई, पाजणारीने काय बघायचं असतं, ते मला चुकीचं शिकवलं."

त्यानंतर तिने चटईवर एक नवीन रीत काढली. ओतायच्या आधी प्रत्येकाला विचारायची, "आज कुणावर राग आहे का?" लोक हसायचे. गार्ड म्हणायचा, "साहेबावर आहे, पण तो रायपूरला आहे." ती म्हणायची, "मग चालेल." कुणी म्हणायचा, बायकोवर आहे. त्याला ती वाटाणे द्यायची आणि म्हणायची, आधी घरी जा. दोन-चार गिऱ्हाइकं या विचारण्याने तुटली. एकजण म्हणाला, "दारू पाजतेस की पोलीस चौकी चालवतेस?" पण बाकीचे सवयीचे झाले. मी बघायचे, काही जण खरोखर थांबून विचार करायचे, आहे का आपल्याला राग कुणाचा. मला स्वतःला ती सवय लागली. सकाळी देवापुढे वात लावायच्या आधी मी तो प्रश्न मनाशी विचारते, आणि पुष्कळदा उत्तर येतं.

सामदूचं सातवं वर्ष चालू होतं. शिक्षेतली सूट धरून तो आता बाहेर येणार असं गावात बोललं जात होतं. त्या वर्षी चैतात एका सकाळी मी लसींची पेटी घेऊन तिच्या झाडाखालून जात होते, तेव्हा सोनाधर येताना दिसला. एवढ्या वर्षांत तो त्या चटईवर बसला नव्हता. बाजारात रायमती दिसली तर वाट बदलायचा. तो आला, टंगिया झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवली, खांद्यावर ठेवली नाही, आणि उकिडवा बसला. दिवसाचा पहिला पाहुणा.

रायमतीने मातीला थेंब दिले. स्वतःची चिपडी प्यायली. मग तुंबा हातात धरून थांबली. मला वाटलं, आज ती विचारणार नाही. विचारू नये असंही वाटलं.

"आज कुणावर राग आहे का, दादा?"

"आहे," सोनाधर म्हणाला. "तुझ्यावर. माझ्यावर पण. त्या दिवशी मी 'नाही बसवला' म्हणालो असतो तर."

"मग आज नाही देता येणार."

"नको देऊस."

तो उठेल म्हणून ती बघत राहिली. तो उठला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "नुसतं बसलं तर चालतं का तुझ्याकडे?"

रायमती चटईच्या एका टोकाला सरकली आणि भाजलेले वाटाणे त्याच्यापुढे ठेवले. मी पेटी उचलली आणि निघाले, कारण पलीकडच्या पाड्यावर बायका लेकरं घेऊन थांबलेल्या होत्या. परत आले तेव्हा ऊन वर आलं होतं, दोघं तशीच बसलेली होती, आणि सोनाधर तिला झितरू लहानपणी झाडावरून पहिल्यांदा कसा पडला ते सांगत होता.